मंजुरी आली का?
कॅशलेस विमा आणि घरातली वयस्कर माणसं

आज विम्याबद्दल बोलायचं आहे. विमा म्हटलं की निम्म्या जणी रेडिओचा आवाज बारीक करून भाकऱ्या थापायला बसतात, हे मला माहीत आहे. भाकऱ्या थापा, पण आवाज मोठाच राहू द्या. विम्याचा हप्ता भरतो मुलगा, कार्ड असतं मुलाच्या फोनमध्ये. पण सासूबाई मध्यरात्री पडल्या की रिक्षा बोलावणारी आणि दवाखान्याच्या काउंटरसमोर उभी राहणारी तुमच्यातलीच एक असते.

मी नवी मुंबईतल्या एका दवाखान्यात विम्याच्या काउंटरवर बरीच वर्षं काम केलं. काचेच्या आत मी, बाहेर माणसं. दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न एकच, "ताई, मंजुरी आली का?"

ही मंजुरी म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. कॅशलेस विम्यात बिलाचे पैसे आपण भरत नाही, कंपनी थेट दवाखान्याला देते. पण त्यासाठी दवाखाना कंपनीला आधी विचारतो की या पेशंटला हा आजार आहे, हा उपचार करायचा आहे, अंदाजे एवढा खर्च येईल, देणार का? कंपनी हो म्हणते, नाही म्हणते, किंवा उलट प्रश्न विचारते. यालाच पूर्वमंजुरी म्हणतात. दवाखान्यात सगळे 'प्रीऑथ' म्हणतात. पुष्कळदा कंपनी हे काम स्वतः करत नाही. मध्ये एक संस्था असते, तिला टीपीए म्हणतात. तुमच्या कार्डावर कंपनीच्या नावाबरोबर दुसरंही एक नाव छापलेलं असेल तर ते बहुधा टीपीएचंच.

उलट विचारलेल्या प्रश्नाला दवाखान्यात 'क्वेरी' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. म्हाताऱ्या माणसांचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं. तरुण मुलाला अपेंडिक्स झालं तर विचारण्यासारखं फार नसतं. सत्तरीच्या बाईला मात्र साखर असते, रक्तदाब असतो, कधीकाळी थायरॉईडची गोळी चालू झालेली असते. मग कंपनी विचारते, साखर कधीपासून? पहिली चिठ्ठी कुठे आहे? विमा घेताना सांगितलं होतं का?

माझ्या आत्याची गोष्ट सांगते. २०१९ चा पावसाळा. आत्या उरण तालुक्यातल्या आमच्या गावी पडवीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. वय ७१. गाडी करून तिला नवी मुंबईच्या एका खाजगी दवाखान्यात आणलं. शुक्रवारची संध्याकाळ होती. तिच्या मुलाने तीन वर्षांपूर्वी विमा काढलेला, हप्ता कधी चुकवलेला नाही. भरती करताना नर्सने विचारलं, "आजींना साखर किती वर्षं?" सूनबाई घाबरलेली, म्हणाली, "असतील दहा-एक वर्षं." नर्सने कागदावर लिहिलं, दहा वर्षं.

त्या एका ओळीवरून क्वेरी आली. विमा तीन वर्षांचा, साखर दहा वर्षांची, मग फॉर्मवर का लिहिली नाही? खरं तर साखर निघाली होती विमा काढल्यानंतर. पहिली चिठ्ठी गावातल्या डॉक्टरांची, ती आत्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत. आणि मुळात हाड मोडलं ते पडल्यामुळे, साखरेमुळे नव्हे. पण शनिवार गेला, रविवार गेला. चिठ्ठी शोधून आणली, फोटो पाठवला. तो पुसट आहे म्हणून परत मागितला. मी स्वतः विम्याच्या काउंटरवर बसणारी बाई, तरी मलाही काही करता येईना. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांत व्हावी असं डॉक्टर सांगतात, कारण म्हातारं माणूस आडवं पडून राहिलं की छातीत कफ भरतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताची गाठ होऊ शकते. सोमवारी सकाळी सूनबाईने पाटल्या गहाण टाकल्या, वर बचत गटातून उचल घेतली, आणि शस्त्रक्रिया झाली. विम्याचे पैसे चार महिन्यांनी आले, तेही कापून. आत्या पुढे चालायला लागली, काठी घेऊन. पाटल्या सोडवायला मात्र पुढची दिवाळी उजाडली.

आता नियम बदलले आहेत, आणि ते आपल्याला माहीत नसले तर बदलूनही आपल्या उपयोगाचे नाहीत.

विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था आहे, तिचं नाव आयआरडीएआय. या संस्थेने २९ मे २०२४ रोजी आरोग्य विम्याबद्दल एक मोठं परिपत्रक काढलं. त्यात म्हटलं आहे की कॅशलेसची विनंती आल्यावर कंपनीने एका तासाच्या आत निर्णय द्यायचा. एका तासात. आणि पेशंटला घरी सोडताना दवाखान्याने शेवटचं बिल पाठवलं की तीन तासांच्या आत शेवटची मंजुरी द्यायची. तीन तासांपेक्षा उशीर झाला आणि त्यापायी दवाखान्याने खोलीचं वगैरे जास्त बिल लावलं, तर तो भार कंपनीने आपल्या भागधारकांच्या पैशातून सोसायचा, पेशंटवर टाकायचा नाही. डिस्चार्जच्या दिवशी सकाळी दहाला डॉक्टर "घरी जा" म्हणतात आणि संध्याकाळी सातपर्यंत म्हातारं माणूस कपडे घालून पलंगाच्या कडेला बसून राहतं, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या तीन तासांची किंमत कळेल.

याच परिपत्रकात आणखी एक कलम आहे. उपचार चालू असताना पेशंट दगावला, तर कंपनीने दाव्याचं काम ताबडतोब हाती घ्यायचं आणि मृतदेह दवाखान्यातून लगेच घरच्यांच्या ताब्यात मिळेल असं पाहायचं. वाईट प्रसंग आहे, बोलायला नको वाटतं, पण माहीत असलेलं बरं.

दावा नाकारायचा झाला तर तो एकट्यादुकट्या माणसाने संगणकावर बटण दाबून नाकारायचा नाही. कंपनीतल्या तिघांच्या समितीची त्याला संमती लागते. आणि का नाकारला, पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली नाकारला, हे कारणासह कळवावं लागतं. दाव्याचे कागदही कंपनीने किंवा टीपीएने दवाखान्याकडून घ्यायचे, पेशंटच्या घरच्यांना त्यासाठी पळवायचं नाही.

जुन्या आजारांचं काय? विमा घेण्याआधीपासून असलेल्या आजारासाठी पूर्वी चार वर्षांपर्यंत थांबावं लागायचं. १ एप्रिल २०२४ पासून ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं केली. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याची वाटी बदलणं अशा ठरावीक उपचारांची थांबण्याची मुदतही तीन वर्षांच्या वर नेता येत नाही. अपघाताला ही अट लागूच नाही. घसरून पडणं हा अपघातच. शिवाय विमा सलग पाच वर्षं चालू असेल, तर "तुम्ही तेव्हा अमुक आजार सांगितला नाही" असं म्हणून कंपनीला हात वर करता येत नाहीत. तिने फसवणूक सिद्ध केली तर गोष्ट वेगळी. पूर्वी यासाठी आठ वर्षं लागत. म्हणून सांगते, हप्ता चुकवू नका. खंड पडला की पाच वर्षांचं गणित पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतं.

६५ वर्षांच्या पुढे नवीन विमाच मिळत नाही, ही समजूतही आता जुनी झाली. सगळ्या वयांसाठी विमा ठेवावा असं नियम सांगतो. महाग मात्र असतो. त्यावरही थोडा लगाम आला आहे: जानेवारी २०२५ मध्ये आयआरडीएआयने सांगितलं की ६० वर्षांवरच्यांचा हप्ता एका वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर आधी आमच्याशी बोला. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. तुमच्या पावतीवर अजून जीएसटीची ओळ दिसत असेल तर एजंटला विचारा.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, चला, प्रश्न सुटला. तसं नाही. काचेच्या आत बसलेली बाई म्हणून सांगते, हा एक तास वाटतो तितका सोपा नाही. कंपनीने पहिल्या तासात काहीतरी उत्तर द्यायचं असतं, आणि 'क्वेरी' हेही उत्तरच धरलं जातं. एका क्वेरीचं उत्तर दिलं की दुसरी येते, मग तिसरी. शिवाय तास मोजायला सुरुवात होते ती दवाखान्याने फॉर्म पाठवल्यापासून. तुम्ही रात्री अकराला आलात आणि दवाखान्याच्या विमा काउंटरवरचा माणूस सकाळी नऊला आला, तर ते दहा तास कुणाच्याच हिशेबात धरले जात नाहीत. माझं मत विचाराल तर सगळ्या शंका एकदाच, एकत्र विचारायची सक्ती हवी. आणि मोडलेला खुबा, अर्धांगवायूचा झटका, हृदयविकार अशा वेळी ७० वर्षांवरच्या माणसाचे उपचार मंजुरीची वाट न पाहता सुरू व्हावेत, हिशेब मागाहून व्हावा.

असं होऊ शकतं का? आपल्याच राज्यात होतं. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना तुम्हाला ठाऊक आहे. ती २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या पहिल्या आठांत आपला रायगडही होता. पुढे ती राज्यभर झाली, मग नाव बदललं. आधी पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डाला होती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती सगळ्या रेशनकार्डांना लागू झाली आणि एका कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं. या योजनेतही पूर्वमंजुरी लागतेच. पण आणीबाणीत दवाखाना फोनवरून कळवतो, तात्पुरती मंजुरी घेतो आणि उपचार सुरू करतो. कागद मागाहून जोडतात. सरकारी योजनेला जे जमतं ते हप्ता घेणाऱ्या कंपनीला का जमू नये?

या योजनेत असलेल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र असतो. गणवेशात असतो, दाराजवळ त्याचा कक्ष असतो. दवाखान्यात गेल्या गेल्या, पैसे भरायच्या आधी, त्याला भेटा. आधी पैसे भरले, मग योजनेची आठवण झाली, असं झालं की पुढे फार खटपट पडते. हेल्पलाइन १५५३८८.

आता सत्तरीच्या पुढच्यांसाठी. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला 'आयुष्मान वय वंदना' कार्ड मिळतं. श्रीमंत-गरीब असा भेद नाही, रेशनकार्डाचा रंग बघत नाहीत. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, आणि जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात. घरात नवरा-बायको दोघंही सत्तरीच्या पुढे असतील तर ते पाच लाख दोघांत मिळून. कुटुंबाचं आयुष्मान कार्ड आधीच असेल तर ज्येष्ठांचे हे पाच लाख त्याशिवाय वेगळे. मुलाच्या कंपनीचा विमा किंवा ईएसआयसी असली तरी हे कार्ड काढता येतं. फक्त केंद्र सरकारच्या सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएससारख्या योजनेत असणाऱ्यांना दोन्हींपैकी एक निवडावी लागते. चौकशीसाठी १४५५५.

या कार्डाला आधार लागतं, आणि इथे आपल्या माणसांची एक खास अडचण येते. जन्मभर भात लावला, मिठागरावर राबल्या, भांडी घासली. अंगठ्याच्या रेषाच उरल्या नाहीत. यंत्र अंगठा घेत नाही. मग केंद्रावरचा मुलगा सांगतो, "आजी, तुमचं होत नाही." होतं. आधारला जोडलेल्या मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीने होतं, डोळ्याच्या बुबुळावरून होतं, चेहऱ्यावरूनही होतं. म्हणून आधी आधारला चालू मोबाईल नंबर जोडून घ्या. आणि आधारवरची जन्मतारीख तपासा. आपल्याकडे पुष्कळ आज्यांची तारीख १ जानेवारी आहे, शाळामास्तरांनी किंवा शिबिरातल्या कुणीतरी अंदाजे टाकलेली. वर्ष चुकलं असेल तर ७५ वर्षांची बाई कागदावर ६८ ची राहते आणि कार्ड मिळत नाही. ही दुरुस्ती सगळं धडधाकट असताना करायची, दवाखान्यात पोचल्यावर नाही.

नवी मुंबईत आपल्या भागातून माणसं कशासाठी येतात? हाडं, हृदय, डायलिसिस, आणि कॅन्सरसाठी खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेकमध्ये. तुर्भे, महापे, रबाळे इथल्या कारखान्यांत आणि ऑफिसांत आपली मुलं कामाला आहेत. त्यांतल्या अनेकांना नोकरीचा गट विमा असतो आणि त्यात आईवडिलांची नावं घालता येतात. पण कित्येक मुलांनी ती घातलेलीच नसतात! नाव घालायची मुदत बहुधा वर्षातून एकदाच येते. आज संध्याकाळी मुलाला फोन करा आणि एवढंच विचारा, "माझं नाव आहे का रे?" गट विम्यात जुने आजार बहुतेकदा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात, म्हणून तो सोडू नये.

पैसे कापले जातात ते कशात, हेही सांगते, कारण मंजुरी आली तरी बिल पूर्ण भागेलच असं नाही. खोलीच्या भाड्याची मर्यादा बघा. समजा विमा तीन लाखांचा आणि खोलीला दिवसाला एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये मान्य. तुम्ही ६,००० ची खोली घेतलीत. तुम्हाला वाटेल वरचे तीन हजार आपण भरू, झालं. तसं होत नाही. खोली दुप्पट घेतली म्हणून डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, हे सगळंच निम्मं होतं. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवलेल्या वस्तू यांना ही कात्री लावता येत नाही; तिथे कापलं असेल तर भांडा. म्हणून भरती होताना "स्वतंत्र खोली द्या" म्हणण्याआधी विचारा, आमच्या पॉलिसीत कुठली खोली बसते? ज्येष्ठांच्या पॉलिसीत 'को-पे' नावाची अटही असते. बिलाचा दहा-वीस टक्के भाग आपण भरायचा. ती कागदावर आधी शोधा. प्रत्येक पॉलिसीबरोबर थोडक्यात माहितीचं पत्रक देणं कंपनीला बंधनकारक आहे, आणि ते तुम्ही आपल्या भाषेत मागू शकता.

दवाखाना कंपनीच्या यादीत नसेल तर? जानेवारी २०२४ पासून विमा कंपन्यांनी 'कॅशलेस सगळीकडे' अशी सोय केली आहे. ठरवून करायच्या उपचारासाठी ४८ तास आधी, आणि आणीबाणीत भरती झाल्यापासून ४८ तासांच्या आत कंपनीला कळवायचं. ते कळवणं आपल्या हातात आहे. फोन करा आणि तक्रार किंवा विनंतीचा नंबर लिहून घ्या. नंबर लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

आता मंजुरी नाकारलीच तर. माझ्या काउंटरवर मी पाहिलं आहे, 'रिजेक्ट' शब्द ऐकला की बायका मान खाली घालून उठतात आणि मंगळसूत्राकडे हात जातो. थांबा. अमेरिकेत म्हाताऱ्या माणसांचा सरकारी विमा पुष्कळ ठिकाणी खाजगी कंपन्या चालवतात, तिथेही हाच मंजुरीचा जाच आहे. तिथल्या सरकारच्या तपासनिसांनी २०२२ मध्ये दाखवलं की कंपन्यांनी नाकारलेल्या विनंत्यांपैकी १३ टक्के नियमात बसणाऱ्या होत्या, म्हणजे नाकारायलाच नको होत्या. आणि नकार मिळालेल्या दहांतला जेमतेम एक जण पुन्हा दाद मागतो; पण जे मागतात त्यांच्यापैकी दहांतल्या आठांहून अधिक जणांच्या बाजूने निकाल फिरतो. आपल्याकडचे आकडे वेगळे असतील, पण दाद न मागता परतणाऱ्या बायका मी रोज पाहिल्या आहेत.

दाद अशी मागायची. आधी नकार लेखी घ्या, कारणासह. मग विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला अर्ज. त्याचं नाव-पत्ता पॉलिसीवर छापलेला असतो. आयआरडीएआयच्या १५५२५५ या नंबरवरही तक्रार नोंदवता येते. महिना झाला, उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. ठाणे, नवी मुंबई, रायगड, पालघर इथल्या लोकांसाठी लोकपालांचं कार्यालय ठाण्यात आहे. मुंबई आणि पुण्यातही आहेत. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जायचं. ५० लाखांपर्यंतची तक्रार चालते. फी नाही. वकील लागत नाही, किंबहुना वकील चालतच नाही. आपली गोष्ट आपणच सांगायची असते. निकाल आपल्या बाजूने लागला आणि कंपनीने ३० दिवसांत पाळला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये कंपनीने तक्रारदाराला द्यायचे. हे वाचून मी पहिल्यांदा मोठ्याने हसले होते, आनंदाने.

शेवटी त्या नर्सच्या प्रश्नाकडे वळते, "साखर किती वर्षं?" खोटं बोलू नका, पण अंदाजही ठोकू नका. माहीत नसेल तर "चिठ्ठी बघून सांगते" असं सांगा, आणि काय लिहिलं ते वाचून दाखवायला लावा. त्यासाठी चिठ्ठी हाताशी हवी. आमच्या गटाने गेल्या वर्षी एक काम केलं. प्रत्येक घरातल्या साठीच्या वरच्या माणसासाठी एक प्लास्टिकची पिशवी केली. आत आधार आणि रेशनकार्डाची झेरॉक्स, विम्याच्या कार्डाची झेरॉक्स, वय वंदना कार्ड, साखर-रक्तदाब पहिल्यांदा निघाल्याची चिठ्ठी, चालू गोळ्यांची यादी, आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत चार फोन नंबर. पिशवी पेटीत ठेवायची नाही, दारामागच्या खिळ्याला अडकवायची. चिठ्ठी हरवली असेल तर गावच्या डॉक्टरांकडून तारीख घालून नवीन लिहून घ्या. त्यांच्या वहीत नोंद सापडते. दोन बैठकांत २३ पिशव्या झाल्या. खर्च झाला तो झेरॉक्सचा, आणि तो आम्ही गटाच्या चहापाण्यातून काढला.

आत्याचीही पिशवी केली आहे. ती म्हणते, "एवढे कागद तर माझ्या लग्नातही नव्हते."